मोल कशाचे, ते आधी लिही

या वेळचं पत्र लातूरहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"मॅडम, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, विज्ञानात चांगले मार्क होते. आता अकरावी सायन्सला लातूरला आहे, तिघी मिळून खोली करून राहतो. केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक, आला आणि माझं गाडं तिथंच रुतलं. ग्रॅम दिले की भागायचं का गुणायचं, अणू विचारले की काय, रेणू विचारले की काय, सगळं पाठ केलं तरी पेपरात उलटं होतं. मैत्रिणीनं त्रिकोण काढून सूत्र दिलं, त्यानंही जमेना. मागच्या टेस्टमध्ये मोलचे तीन प्रश्न होते, तिन्ही चुकले. प्रश्न आणि माझी उत्तरं सोबत पाठवते. इथली एक सिनियर म्हणते की हा धडा सोडून दे, मार्क फार नाहीत. बाबा म्हणतात, केमिस्ट्रीची वेगळी शिकवणी लावू का. त्यांचं सोयाबीन अजून घरातच पडून आहे, भाव नाही. मी काय करू?"

लेकी,

तू पाठवलेली तिन्ही उत्तरं मी नीट तपासली. आधी एक गोष्ट सांगते, कारण ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. तिन्ही ठिकाणी तुझा गुणाकार-भागाकार बिनचूक आहे. दहाचे घातसुद्धा बरोबर हाताळलेत. म्हणजे गणित कच्चं आहे म्हणून मोल जमत नाही, अशी जी भीती तू धरून बसली आहेस ती काढून टाक. चूक एकच आहे आणि ती तिन्ही प्रश्नांत वेगवेगळ्या रूपात आली आहे. आकडा लिहिताना तो कशाचा आहे, हे तू लिहीत नाहीस.

पहिला प्रश्न बघ. ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती? तू ११ ला ४४ नं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या एका मोलच्या ग्रॅमनं, भागलंस, ०.२५ आलं. त्याला ६.०२२ × १०^२३ नं, म्हणजे एका मोलमधल्या कणांच्या संख्येनं, गुणलंस आणि १.५ × १०^२३ हे उत्तर लिहून मोकळी झालीस. (इथं १०^२३ म्हणजे १० चा २३ वा घात, तू वहीत लिहितेस तसाच.) पण ०.२५ मोल कशाचे? कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंचे. विचारले होते ऑक्सिजनचे अणू. एका रेणूत ते दोन असतात, म्हणून ऑक्सिजन अणूंचे मोल ०.५० आणि उत्तर ३.०११ × १०^२३. तू ९० टक्के वाट चाललीस आणि एका पावलावर थांबलीस.

दुसरा प्रश्न २.८ ग्रॅम नायट्रोजन वायूत रेणू किती, हा होता. तू १४ नं भागलंस. १४ हे नायट्रोजनच्या अणूचं. वायूचा रेणू दोन अणूंचा, त्याचं २८. त्यामुळं रेणूंचे मोल ०.१ आणि रेणू ६.०२२ × १०^२२. तुझं १.२ × १०^२३ हे उत्तर अणूंचं म्हणून अगदी बरोबर आहे, फक्त प्रश्न अणूंचा नव्हता.

तिसऱ्याकडं जरा थांबून येते. त्याच्याआधी हा मोल मुळात कशासाठी आहे ते बोलू, कारण तू सूत्रं पाठ केलीस पण ही भानगड हवीच कशाला हे कुणी समजावलं नसावं, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

तुमच्या घरात सोयाबीन पडून आहे, त्याचाच हिशेब घे. मोंढ्यात आडतीवर कुणी दाणे मोजत नाही, काट्यावर घालतात. पण दाणे मोजायचेच ठरवले तर? सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम भरतं, गव्हाच्या शंभर दाण्यांचं साधारण ४ ग्रॅम. मग १२ किलो सोयाबीन आणि ४ किलो गहू, या दोन्हींत दाणे सारखेच असणार, एकेक लाख. एकही दाणा न मोजता, नुसत्या काट्यावर आपण सांगू शकलो. सोयाबीन आणि गहू एकास एक मिसळायचे असते तर वजनं १२ ला ४ घ्यावी लागली असती. सारखी वजनं घेऊन चाललं नसतं.

रसायनशास्त्रात नेमकं हेच करायचं असतं. अणू एकमेकांशी संख्येनं जोडले जातात, एकास एक, एकास दोन असे. आपल्या हातात मात्र असतो तो काटा. कार्बनच्या अणूचं वस्तुमान १२, हेलियमचं ४. म्हणून १२ ग्रॅम कार्बन आणि ४ ग्रॅम हेलियम यांत अणू सारखे. किती, तर ६.०२२ × १०^२३. एवढ्या संख्येला एक मोल म्हणायचं. बस, मोल इतकाच. मोल म्हणजे वजन नव्हे, ती संख्या आहे. वजन पदार्थाप्रमाणं बदलतं, संख्या बदलत नाही. एक मोल पाणी १८ ग्रॅम, एक मोल मीठ ५८.५ ग्रॅम, एक मोल सोनं १९७ ग्रॅम.

मग अणुवस्तुमानाचा आकडा आणि एका मोलच्या ग्रॅमचा आकडा एकच कसा, हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. आला नसेल तर यायला हवा. अणूचं वस्तुमान ज्या एककात सांगतात ते एकक सुमारे १.६६ × १०^-२४ ग्रॅमचं आहे. आता १ ला ६.०२२ × १०^२३ नं भागून बघ, हाच आकडा येईल. दोन्ही एकमेकांचे व्यस्त आहेत, कारण ते तसे जमवूनच घेतले आहेत. कार्बन-१२ चा एक अणू १२ एककांचा, आणि तसे ६.०२२ × १०^२३ अणू एकत्र केले की १२ ग्रॅम. यात जादू काही नाही. हा भागाकार एकदा स्वतःच्या हातानं कर. तो केलेला विद्यार्थी पुढं गुणायचं की भागायचं यात सहसा अडकत नाही.

तू आता ज्या गोंधळात आहेस त्यात मोठमोठी माणसं जवळपास पन्नास वर्षं होती, हेही ऐक. इटलीतल्या तुरीनचा आमेदेओ आव्होगाद्रो हा शिक्षणानं वकील. त्यानं १८११ मध्ये मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, आणि हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा वायूंचे कण हे दोन-दोन अणूंचे असतात. एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील हे अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनला पटत नव्हतं. अणू आणि रेणू यांतला फरकच स्पष्ट नसल्यामुळं तेव्हा प्रत्येकाचा अणुवस्तुमानांचा तक्ता वेगळा असायचा. आव्होगाद्रो १८५६ मध्ये वारला. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथं रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथं कान्निझारो या त्याच्याच देशबांधवानं ती कल्पना पुन्हा नीट मांडली आणि मग हळूहळू सगळे एका तक्त्यावर आले. तुझा दुसरा प्रश्न, १४ की २८, हा त्याच भांडणाचा आहे. ती संख्या तर आव्होगाद्रोला ठाऊकही नव्हती. त्याच्या सन्मानासाठी तिला त्याचं नाव द्यावं असं झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये सुचवलं. आणि २० मे २०१९ पासून ती मोजायची राहिलेली नाही, व्याख्येनंच पक्की केली आहे: ६.०२२१४०७६ × १०^२३. पेपरात ६.०२२ पुरतं.

आता पद्धत. तुझ्याकडं ग्रॅम, अणू, रेणू, वायूचं आकारमान, काहीही आलं तरी आधी मोलवर ये आणि तिथून पुढं जा. ग्रॅमवरून थेट अणूंवर उडी मारायची नाही. परभणीहून लांबच्या कुठल्याही प्रवासाला आधी स्टँडवर यावं लागतं तसं, असं काही मी म्हणणार नाही, कारण मुलं अशी वाक्यं पाठ करतात आणि गणित विसरतात. त्यापेक्षा वहीत करून बघ. मोलवर येताना ग्रॅमला एका मोलच्या ग्रॅमनं भागायचं, कारण आपण विचारतोय की यात तसे गठ्ठे किती. मोलवरून कण काढताना ६.०२२ × १०^२३ नं गुणायचं, कारण प्रत्येक गठ्ठ्यात तेवढे कण आहेत. उलटं जायचं असेल तर उलटी क्रिया. हे पाठ करू नकोस. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक आणि पदार्थाचं नाव लिही. नुसतं ४४ लिहू नकोस, "४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दर मोल" असं लिही. ११ ग्रॅमला ४४ ग्रॅम दर मोलनं भागलं की ग्रॅम ग्रॅमला कटतो आणि मोल उरतो. चुकून गुणलंस तर "ग्रॅम वर्ग दर मोल" असं काहीतरी विचित्र उरेल आणि तुझी चूक तुलाच दिसेल. एकक हा तुझ्या शेजारी बसलेला तपासनीस आहे, त्याला वहीतून हाकलू नकोस.

त्रिकोणाबद्दल माझं मत स्पष्ट सांगते: तो फाडून टाक. त्रिकोणात बोटानं एक कोपरा झाकला की भागाकार की गुणाकार हे कळतं खरं, पण मोल कशाचे हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. तुझ्या पहिल्या दोन्ही चुका त्रिकोण वापरूनच झाल्यात. तो तुला बरोबर क्रिया सांगतो आणि चुकीच्या पदार्थावर करू देतो.

आता तुमच्या शेतातलंच एक मोठं गणित करू, म्हणजे हाताला सवय लागेल. युरियाचं पोतं ४५ किलोचं येतं आणि त्यावर नायट्रोजन ४६ टक्के असं छापलेलं असतं. हे ४६ आलं कुठून? युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, बरोबर ६०. म्हणजे ६० ग्रॅम युरिया दर मोल. पोत्यातले ४५ किलो म्हणजे ४५,००० ग्रॅम. भागिले ६० केलं की ७५० मोल. कशाचे? युरियाच्या रेणूंचे. हे वहीत लिही. आता नायट्रोजन. दर रेणूत दोन अणू, म्हणून नायट्रोजन अणूंचे मोल १,५००. एका मोलचे १४ ग्रॅम, म्हणून २१,००० ग्रॅम, म्हणजे २१ किलो. ४५ पैकी २१ किलो हे ४६.७ टक्के होतात. पोत्यावर ४६ लिहितात, कारण कारखान्यातल्या मालात थोडा ओलावा आणि बाययुरेट नावाचं दुसरं संयुग असतं, शंभर टक्के शुद्ध युरिया नसतो. कुणी त्यातले नायट्रोजनचे अणू विचारले तर १,५०० गुणिले ६.०२२ × १०^२३, म्हणजे सुमारे ९.०३ × १०^२६. बाबांनी पाठीवर वाहून आणलेल्या एका पोत्यात एवढे.

यात एक जागा घसरण्याची आहे. ७५० मोलवर येऊन पुढं १४ नं गुणलंस तर १०.५ किलो येईल, बरोबर निम्मं. २८ नं गुणलंस तर पुन्हा २१ किलो येईल. दोन्ही रस्ते चालतात: रेणूंचे ७५० मोल घेतले तर प्रत्येकामागं २८ ग्रॅम नायट्रोजन, अणूंचे १,५०० घेतले तर प्रत्येकामागं १४. एका रस्त्याचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा घेतला की घोळ. अकरावीच्या पेपरातल्या मोलच्या बहुतेक चुका मी अशाच पाहिल्या आहेत.

डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट या खताचं पोतं तर या बाबतीत आणखी शिकवणारं आहे. त्यावर १८:४६ असतं. १८ टक्के नायट्रोजन हे खरंच नायट्रोजनचं प्रमाण. पण ४६ हे फॉस्फरसचं नाही. खतांच्या रिवाजाप्रमाणं ते फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबानं सांगतात, म्हणजे फॉस्फरसचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे पाच. फॉस्फरस ३१ धरला तर ६२ अधिक ८०, म्हणजे १४२. त्या १४२ मध्ये फॉस्फरस ६२ च. ५० किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांप्रमाणं पेंटॉक्साइड २३ किलो धरलं तर खरा फॉस्फरस सुमारे १० किलोच. आकडा छापलेला आहे, खराही आहे, पण कशाचा ते माहीत नसेल तर दुपटीहून जास्त फसगत होते. पुढच्या वेळी गावी गेलीस की बाबांना हे समजावून सांग. दुसऱ्याला सांगताना आपलं कुठं अडतं ते नीट कळतं.

लहान आकड्यांचंही एक करू, कारण परीक्षेत मिलिग्रॅम देऊन फसवतात. आपल्याकडं नांदेड जिल्ह्यात किनवट भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याची तक्रार जुनी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ते लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दात पिवळे-तपकिरी होतात, पुढं हाडं धरतात. आता १.५ मिलिग्रॅम म्हणजे ०.००१५ ग्रॅम. फ्लोरिनचं १९. भागलं की सुमारे ७.९ × १०^-५ मोल फ्लोराइड. गुणिले ६.०२२ × १०^२३ केलं की सुमारे ४.७५ × १०^१९ कण, एका लिटरात. केवढा मोठा आकडा वाटतो! पण त्याच लिटरातलं पाणी किती? १,००० ग्रॅम भागिले १८, म्हणजे ५५.५ मोल. आता ५५.५ ला ७.९ × १०^-५ नं भाग. दर सात लाख पाण्याच्या रेणूंमागं एक फ्लोराइड. याच्या काही पट झालं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर तेवढ्याशानंही माणसाची हाडं बिघडतात. मोलवर आल्याशिवाय ही तुलना करताच येत नाही, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. मिलिग्रॅम वजन सांगतं. शरीरात काय घडतं ते कणांच्या संख्येवर ठरतं.

आता तुझा तिसरा प्रश्न. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान किती? तू १८ ला ६.०२२ × १०^२३ नं गुणलंस आणि १.०८ × १०^२५ ग्रॅम लिहिलंस. गुणाकार चोख आहे. पण आता उत्तराकडं बघ. १.०८ × १०^२५ ग्रॅम म्हणजे १.०८ × १०^२२ किलो. चंद्राचं वस्तुमान ७.३५ × १०^२२ किलो आहे. तुझा पाण्याचा एक रेणू चंद्राच्या सातव्या हिश्श्याएवढा झाला. असं उत्तर पेपरात आलं की पेन खाली ठेवायचं आणि मागं वळायचं. १८ ग्रॅम हे अख्ख्या मोलचं वजन, एका रेणूचं त्याहून अगदी अगदी लहान असणार, मग भागाकारच. १८ भागिले ६.०२२ × १०^२३, म्हणजे सुमारे २.९९ × १०^-२३ ग्रॅम.

ही तपासणी प्रत्येक उत्तराला लाव. एका अणूचं किंवा रेणूचं वजन विचारलं असेल तर घात उणे बाविशीच्या आसपास आला पाहिजे. चिमूटभर किंवा वाटीभर पदार्थातले कण विचारले असतील तर अधिक विशीच्या पुढं. चिन्ह उलटं आलं की समजायचं, गुणाकार आणि भागाकार यांची अदलाबदल झाली. याला दहा सेकंद लागतात. नीटमध्ये किंवा सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून आकडेमोड करतानाच ६.०२२ ला ६ धरून तोंडी अंदाज काढायची सवय लाव. पर्याय दिलेले असतात तेव्हा बऱ्याचदा तेवढ्या अंदाजावरच उत्तर ओळखू येतं.

२२.४ लिटरबद्दल थोडक्यात, कारण तू ते विचारलं नाहीस पण पुढच्याच आठवड्यात ते येणार. ०° सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो. वायू. पाण्याला, मिठाला, पाऱ्याला हा आकडा लावायचा नाही. एक मोल पाणी १८ मिलिलिटरच भरतं. काही पुस्तकांत दाब १ बार धरतात, तिथं २२.७ येतं. प्रश्नात काय दिलंय ते वाचून घे.

भाषेचं तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या वहीत मला ते दिसलं. प्रश्नातल्या "अ‍ॅटम्स" या शब्दाखाली तू रेघ मारलीस आणि उत्तर मॉलिक्यूल्सचं काढलंस. नववीत द्रव्याचे मोजमाप या धड्यात तू हाच मोल मराठीत शिकली होतीस. ते पुस्तक पुन्हा आण, गावी असेल तर मागवून घे. एका बैठकीत तो धडा मराठीत वाच आणि मग अकरावीचा धडा उघड. प्रश्न वाचून झाला की पहिल्या ओळीत मराठीत लिही: "दिलंय काय, कशाचं. विचारलंय काय, कशाचं." तुझ्या कच्च्या कामाला कुणी मार्क कापत नाही, ते मराठीत करायला लाजू नकोस. वर्गात शंभर-दीडशे पोरं असली तरी तास संपल्यावर सरांपुढं मराठीतच शंका विचार. शंका विचारायला येणारी मुलगी त्यांना हवीच असते.

तुझ्या सिनियरचा सल्ला मात्र ऐकू नकोस. तिनं वाईट हेतूनं दिलेला नाही, पण तो महागात पडेल. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्केच असतो, त्यात हा एक धडा, म्हणून तिला तो सोडण्यासारखा वाटतो. पण मोल त्या धड्यापुरता राहत नाही. समीकरणावरून किती उत्पादन मिळेल ते मोलवरच, वायूंची गणितं मोलवरच. बारावीत द्रावणांच्या धड्यात मोलॅरिटी, मोलॅलिटी ही द्रावणाची तीव्रता मोलमध्ये सांगणारी मापं येतात. विद्युत रसायनशास्त्रात ९६,५०० कूलोम हा आकडा भेटेल, तो एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार आहे. आज हा धडा सोडलास तर पुढच्या चार-पाच धड्यांत तू पुन्हा याच जागी अडशील, आणि तेव्हा वेळ आजच्याहून कमी असेल.

आता बाबांचा प्रश्न. वेगळी शिकवणी लावू नका, असं त्यांना सांग. निदान आत्ता तरी नको. ज्या मुलीची आकडेमोड बरोबर आहे आणि चूक एकाच जातीची आहे तिला शिकवणी लागत नाही, सराव लागतो. पुढचे पंधरा दिवस रोज पाच गणितं कर, त्याहून जास्त नको. प्रत्येकात चार गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत: दिलेलं आणि विचारलेलं मराठीत, प्रत्येक आकड्याला एकक आणि पदार्थाचं नाव, मधे मोलची ओळ, आणि शेवटी उत्तराच्या आकाराची तपासणी. तुझ्या खोलीतल्या दोघींपैकी एकीला रोज तुझं एक गणित तपासायला दे. तिनं उत्तर बघायचं नाही, फक्त प्रत्येक आकड्यापुढं "कशाचे?" असं विचारायचं. पंधरा दिवसांनी त्याच तीन प्रश्नांसारखे नवे तीन सोडव. तरीही दोन चुकले तर मला पुन्हा लिही, मग शिकवणीचं बघू.

सुरुवातीला ही तीन घे. ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ऑक्सिजनचे अणू किती? बोअरच्या जड पाण्यानं हंड्यावर जो पांढरा थर चढतो तो मुख्यतः याचाच असतो, आणि त्याचं मोलचं वजन बरोबर १०० असल्यानं हिशेब सोपा जातो. सोडियमचे ३.०११ × १०^२३ अणू हवेत तर किती ग्रॅम सोडियम तोलायचं? आणि १ ग्रॅम हायड्रोजन वायू व १६ ग्रॅम ऑक्सिजन वायू यांत रेणू कशात जास्त? उत्तरं अशी: पहिल्याचं ५.४ × १०^२१, दुसऱ्याचं ११.५ ग्रॅम, तिसऱ्यात दोन्हींकडं सारखे, अर्धा-अर्धा मोल. पहिल्यात तुला १.८ × १०^२१ आलं तर कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन किती ते पुन्हा मोज. तिसऱ्यात दोन्हींकडं एकेक मोल आला तर तू पुन्हा अणू घेतलेस.